आरपार वारा आणि मामाची पाठ

२२ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी ओग्न्येन येऊन गेला. माझ्या थोरल्या बहिणीचा, स्तांकाचा मुलगा. हातात नक्षीची लाकडी बुधली, बुधलीच्या गळ्यात फुलं, आत आलुबुखाऱ्याची राकिया, आमची घरची दारू. लग्नाचं आमंत्रण. १६ जून.

वऱ्हाडाचा म्होरक्या मी. नवऱ्या मुलाचा मामा जिवंत असताना हा मान दुसरीकडे जात नाही. शिवाय सफरचंदही मीच पाडायचं. मुलीकडचे झाडाच्या शेंड्याला सफरचंद टांगणार, आणि ते गोळीने खाली आल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडणार नाही. काम खरं तर नवऱ्या मुलाचं. पण ओग्न्येन दातांचा डॉक्टर, फुगा फुटला तरी डोळे मिटतो. म्हणाला, "मामा, तूच मार. मला दुसरं कोणी नको."

डोळ्यांत पाणी आलं. बुधली तोंडाला लावली, पण मान मागे जाईना. मग गुडघे वाकवून आख्खाच मागे झुकलो आणि कपाटावर आपटलो. कपबशा वाजल्या. ओग्न्येनने माझ्या हातातली बुधली धरली. नवे तपकिरी बूट घेतलेत त्याने, टाचेला दुहेरी शिवण. माझी नजर बारीक आहे. लोकांचं बुटांकडे लक्षच नसतं.

तो गेल्यावर देसांका म्हणाली, आधी पाठ दाखवून ये. बायकोला कारण लागत नाही. पाठीला काय झालंय? नकाशांच्या ऑफिसात सव्वीस वर्षं दार आणि खिडकी यांच्या बरोबर मध्ये बसतोय. आरपार वारा लागतो, त्याने माणूस आखडतो. एवढंच.

संकल्प: १६ जूनपर्यंत पाठ सरळ. आठ आठवडे हातात आहेत. भरपूर झाले.

२४ एप्रिल, बुधवार

देसांका बळेच घेऊन गेली. एक्स-रे काढला. मणके शाबूत. मला माहीतच होतं.

मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे पाठवलं. बाई कसली, पोरगीच. तियाना नाव. पांढरे कापडी बूट, डाव्याची नाडी सैल. तिने मला भिंतीला टेकवून उभं केलं. टाचा टेकल्या, बूड टेकलं, पाठ टेकली, डोकं काही टेकेना. मध्ये तिची मूठ गेली, वर दोन बोटंही गेली. मग पालथं झोपवलं. पाठ बरीचशी सपाट झाली. त्याचा तिला फार आनंद झाला. म्हणाली, हे जन्माचं नाही, हाडाचंही नाही, बसण्याचं आहे. नकाशांवर ओणवं राहून राहून छातीचे स्नायू आखडले, पाठीचे सैल पडले, डोकं पुढे निघालं. सवयीने आलंय, सवयीनेच जाईल.

रोज दोनदा दहा-दहा मिनिटं. एक, दाराच्या चौकटीत हात टेकून छाती ताणायची. दोन, जमिनीवर टॉवेलची गुंडाळी ठेवून तिच्यावर पाठ टाकून पडायचं. तीन, भिंतीला पाठ लावून हात वरखाली सरकवायचे. शिवाय दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठायचं. पट्टा मात्र बांधायचा नाही. पट्टा पाठीचं काम करतो आणि पाठ आणखी आळशी होते म्हणे.

तासभर बोलली. खिडकीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. शिकलेली माणसं अशीच.

२५ एप्रिल, गुरुवार. सकाळी ७

व्यायाम पहिला. सुरुवात जोरात.

दाराच्या चौकटीत उभा राहिलो आणि लक्षात आलं की या पोरीने मला उघड्या दारात, घामेजल्या अंगाने, हात पसरून दहा मिनिटं उभं राहायला सांगितलंय. आरपार वारा लागू नये म्हणून आमची आई असल्या दारातून आम्हाला पळत जायला लावायची. जाऊन समोरची खिडकी लावली. वारा येतच होता. मग न्हाणीघराची खिडकी लावली. मग स्वयंपाकघराची लावली, तर देसांका उपासाचा घेवडा शिजवत होती, घरभर वाफ झाली आणि तिने मला तिथून हाकललं.

शेवटी उपाय सापडला. कपड्यांचं कपाट. त्याला चौकट आहे आणि मागून बंद आहे. वारा यायला वाव नाही. दोन्ही हात टेकून उभा राहिलो, तोंड ओव्हरकोटात. डांबरगोळ्यांच्या वासाने सहाव्या मिनिटाला गरगरलं. सहा म्हणजे दहाच्या जवळ. झाला व्यायाम.

२९ एप्रिल, सोमवार

व्यायाम दुसरा. फरशीवर. गार फरशीवर आडवं झालं की गारवा थेट मूत्रपिंडात जातो हे लहान मूलही सांगेल. तियानाला अजून मूल नसावं.

पलंगावर केला. गादी मऊ असल्यामुळे टॉवेल बुडाला आणि मीही. जाग आली तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. म्हणजे सांगितल्याच्या पाचपट. या हिशेबाने आठवडाभर सुट्टी घेतली तरी मी पुढेच आहे.

तिसरा व्यायाम भिंतीचा. आमची भिंत उत्तरेची. उन्हाळ्यात बघू.

३० एप्रिल, मंगळवार

स्तांकाचा उपाय: राकियात फडकं भिजवून पाठीवर ठेवायचं. बाटली घेऊन ती स्वतः आली. निम्मी पाठीवर ठेवली, निम्मी आत घेतली. आतली जास्त लागू पडते असं वाटतं.

जाताना म्हणाली, वुकाशिन रोज विचारतो मामाची पाठ कशी आहे. वुकाशिन म्हणजे ओग्न्येनचा काका. सैन्यातून निवृत्त, अडुसष्ट वर्षांचा, ताठ. भाऊ गेल्यापासून पोराला त्यानेच वाढवलं, हे मान्य. पण मान मामाचा. काकाने काळजी करू नये.

२ मे, गुरुवार. दुपारी १२

ऑफिसात मूळ कारणावर घाव घातला. खिडकी बंद करायला लावली. बाहेर अठ्ठावीस अंश. समोरच्या टेबलावरची येलिका फाइलने वारा घ्यायला लागली. मी तिला समजावलं, तो वाराही माझ्याकडेच येतोय.

संध्याकाळी ४. मतदान झालं. सहा विरुद्ध एक. पण साहेबांनी मध्यम मार्ग काढला: मला तळघरात जुन्या नकाशांच्या खोलीत बसायला जागा दिली. तिथे खिडकीच नाही. म्हणजे मी जिंकलो.

६ मे, सोमवार. सेंट जॉर्जचा दिवस

वुकाशिनकडे जेवण. त्यांच्या घरच्या संताचा दिवस, शिवाय कालच ईस्टर झालेला. पन्नास दिवसांच्या उपासानंतर मांस. डुक्कर उत्तम.

जेवताना वुकाशिनने सगळ्यांसमोर विचारलं, "मिले, शेवटचं आभाळ कधी पाहिलंस?" टेबल हसलं. मी म्हटलं, मला पाहायचं तेवढं पाहून झालंय, तुझं अजून बाकी असेल. टेबल पुन्हा हसलं, पण कमी. मग तो हसायचा थांबून म्हणाला, झाड अक्रोडाचं आहे, घरापेक्षा उंच. मुलीचा बाप शेंड्याला बांधणार. तुला जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी मारीन, पोराचा खोळंबा नको. सफरचंद पडेना आणि नवरी आत बसून राहिली तर ती गोष्ट गाव वीस वर्षं सांगत बसतं.

मी म्हटलं, मामा मेलेला नाही.

ओग्न्येन मान खाली घालून बसला असावा. पाय तरी हलत नव्हते.

९ मे, गुरुवार

तळघर. उन्हाळा वर राहतो, इथे येत नाही. नकाशांचे खण गुडघ्याच्या उंचीवर आहेत, त्यामुळे दिवसभर वाकूनच असावं लागतं. पण वारा नाही. एक दिवा आहे. दुपारी कोणीतरी दिवा बंद करून निघून गेलं, मी आत आहे हे लक्षात न येता. अंधारात बसून राहिलो. ओरडावंसं वाटलं नाही. कसंतरी कोंडल्यासारखं झालं एवढंच. पण ते खोलीमुळे की काय हे कळलं नाही.

व्यायाम: उद्यापासून नेटाने.

११ मे, शनिवार

नेमबाजीचा सराव. स्तांकाच्या आलुबुखाऱ्याच्या बागेत गेलो. बापाची जुनी शिकारी बंदूक. फांदीवर डबा ठेवला, तो कुठे ठेवला तेच नंतर दिसेना. बंदूक उचलली की कुंपणाच्या उंचीपर्यंत येते, तिथून पुढे नळी जड होते. जुन्या बंदुकींचा हा दोष असतो.

गोळ्या पाच. कपडे धुवायचं घमेलं गेलं. स्तांका बाहेर येऊन बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मिले, तू वर बघतच नाहीयेस रे." मी म्हटलं, अनुभवी माणूस अंदाजाने मारतो. ती आत निघून गेली. तिच्या सपाता पार झिजल्यात, वाढदिवसाला घ्यायला हव्यात.

१८ मे, शनिवार

टपालाने पट्टा आला. खोक्यावर दोन चित्रं, आधी वाकडा माणूस, नंतर सरळ. तोच माणूस. तियानाला कळवायचं कारण नाही.

देसांका बाजारात गेली असताना बांधला. खांद्यावरून दोन पट्टे, मागे लोखंडी पट्टी, आकडा पाठीवर. ओढला, आणि मी सरळ. साफ सरळ. देवाशपथ. आरशात माझं डोकं मावेना.

अर्ध्या तासाने दम लागायला लागला. आकडा हाताला येईना. फोन खाली पडला, तो उचलायला वाकता येईना. खुर्चीत बसता येईना. दार उघडं ठेवून आतल्या भिंतीला टेकून उभा राहिलो, जिन्यावरून कोणी येईल म्हणून. दोन तास कोणी आलं नाही.

दोन तास मी घराचा वरचा भाग पाहिला. दिव्याच्या वाटीत मेलेल्या माशा. कपाटावर माझी हरवलेली छत्री. आणि आतल्या दाराच्या वर आमच्या लग्नाचा फोटो. तो तिथे आहे हे मी विसरलोच होतो, आणि देसांका रोज त्याखालून जाते. फोटोत माझा बाप खुर्चीवर बसलाय. बाकी सगळे उभे. बाप चांभार होता, चाळीस वर्षं गुडघ्यावर बूट घेऊन बसायचा, त्याची पाठ अशीच झालेली. त्याला बसवा असं फोटोवाल्याला मीच हळूच सांगितलं होतं. बापाने ऐकलं असावं. एक अक्षर न बोलता बसला.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. अंगात पट्टा असल्यामुळे डोळेही पुसता येत नव्हते.

शेवटी वरच्या मजल्यावरची रादोयका आजी आली आणि तिने कात्रीने पट्टा कापला. दुसरा मागवलाय. एक माप मोठा.

२७ मे, सोमवार

व्यायामाचा तक्ता केला. उभे रकाने, आडवे रकाने, तीन रंग. आमच्या ऑफिसात असा तक्ता कोणाला जमणार नाही. चार तास लागले. ओणवं बसून पाठ भरून आली, म्हणून आज व्यायाम नाही.

५ जून, बुधवार

तियानाकडे तपासणी. पुन्हा तीच भिंत. गेल्या वेळी मूठ आणि दोन बोटं, आज मूठ आणि तीन.

तिने विचारलं, किती दिवस केलात? मी म्हटलं, रोज. ती समोर येऊन उभी राहिली. बूट माझ्याकडे वळलेले, नाडी आज घट्ट. मग तिने खाली उकिडवं बसून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा प्रथमच कळलं की तिचे डोळे हिरवे आहेत. म्हणाली, "काका, मी रागावत नाही. पण ऐका. आज ही पाठ झोपल्यावर सरळ होते. आणखी काही वर्षांनी होणार नाही. मग श्वासही पुरा जाणार नाही, आणि तुम्ही त्या पाठीच्या आतच राहाल. रोज दहा मिनिटं मागतेय मी, जास्त नाही."

मी तिला दाराचं, फरशीचं, उत्तरेच्या भिंतीचं सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, माझी आजीही असंच म्हणते. आजी कुठली विचारलं, तर आमच्याच भागातली. शहाणी बाई असणार.

घरी येऊन देसांकाला सांगितलं, तियानाच्या दवाखान्याची भिंत बाहेर झुकलीय, मापं चुकतात. देसांका म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं.

८ जून, शनिवार

सूट घालून पाहिला. पाठीमागे कोट कमरेच्या वर उचलला जातो, पुढे गुडघ्यांवर येतो. शिंपी हल्ली लक्ष देत नाहीत.

देसांका माझ्या मागे उभी राहून कोट खाली ओढत होती. चारदा ओढला, चारदा वर गेला. मग तिने कपाळ माझ्या पाठीवर टेकलं आणि तशीच थांबली. काय झालं विचारलं. काही नाही म्हणाली. नंतर म्हणाली, वुकाशिनला मारू दे ना रे. तू नुसता उभा राहा. मी म्हटलं, पोराने माझं नाव घेतलंय. एवढं एक काम कोणीतरी माझ्याकडे मागितलंय. ते मी देणार नाही.

१४ जून, शुक्रवार

उरले दोन दिवस. आज तिन्ही व्यायाम सलग केले, आठ आठवड्यांचे एकदम. दारात उभा राहिलो तेव्हा गळ्याला मफलर बांधला, फरशीवर खाली दोन गोधड्या टाकल्या. उठता येईना. देसांका आणि रादोयका आजी, दोघींनी उठवलं.

तरी फरक जाणवतो.

१५ जून, शनिवार. सकाळी

मान लचकली. उजवीकडे वळत नाही. सफरचंद डावीकडे असेल तर उत्तम.

वुकाशिन उद्या पहाटेच दारूची पिंपं घेऊन डोंगरावर मुलीच्या गावी जाणार म्हणे. वऱ्हाडाबरोबर येणार नाही. मामाच्या मागून चालायला नको वाटत असेल.

१७ जून, सोमवार. दुपारी

जिंकलो.

सविस्तर लिहितो. काल सकाळी नवा पट्टा बांधला, पण गाडीत बसता येईना. डोकं छताला लागत होतं आणि गुडघे मोडत नव्हते. काढून डिकीत टाकला. पाठीला आता त्याची गरजही नाही.

गावात पोचलो. दीडशे माणसं, वाजंत्री, धुरळा. नेदाच्या, म्हणजे नवरीच्या घराचं दार बंद. बंदूक घेऊन पुढे झालो. झाडाकडे पाहिलं आणि सफरचंद समोरच. लाल, लठ्ठ, सगळ्यात खालच्या फांदीला, माझ्या छातीच्या उंचीवर. दहा पावलांवर. मागे दगडी भिंत. वुकाशिनने शेंड्याच्या गोष्टी सांगून उगाच घाबरवलं होतं. त्या गावची पद्धतच निराळी दिसते, आणि बरोबरही आहे, शेंड्याला फळ टांगणं हा वेडेपणाच.

सगळे एकदम गप्प झाले. वाजंत्रीसुद्धा. एक गोळी. सफरचंदाचे तुकडे झाले.

मग काय वाजलं म्हणता! ओग्न्येनने मला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. दार उघडलं, नेदा बाहेर आली. पांढरे बूट, बाजूला मोत्याची बटणं. खाली वाकून तिने रीतीप्रमाणे माझ्या गालांचे तीन मुके घेतले. चर्चमध्ये चाळीस मिनिटं मेणबत्ती धरून उभा राहिलो, मेण बुटांवर सांडलं, पण हललो नाही. देसांका रडत होती. बायका लग्नात रडतातच.

वुकाशिन दिवसभर गप्प होता. एक टोमणा नाही, एक विनोद नाही. ग्लास मात्र माझ्या नावाने उचलला. मनातून जळला असणार.

तात्पर्य: अंदाज, अनुभव आणि शिस्त. तियानाला जाऊन सांगायला हवं.

२३ जून, रविवार. सकाळी १०

ओग्न्येनने लग्नाचा व्हिडिओ पाठवला. कापलेला-जोडलेला नाही, सगळाच्या सगळा. कॅमेरावाला पहाटेच मुलीच्या घरी पोचला होता.

चहा घेऊन दोघं बसलो. सुरुवातीला अंगण, कोंबड्या, अक्रोडाचं झाड, त्याला शिडी लावलेली. सफरचंद शेंड्याला. मग पाठमोरा एक माणूस झाडापासून दहा पावलं चालत आला. वाकलेला, खांदे पुढे पडलेले, डोकं पुढे निघालेलं, हात गुडघ्यांपाशी लोंबणारे. मी देसांकाला म्हटलं, बघ, मी आलो. कोट किती वर गेलाय, शिंप्याला दाखवायला हवं.

देसांका म्हणाली, तू तेव्हा घरी झोपला होतास.

माणूस वळला आणि सरळ झाला. वुकाशिन.

नेदाचा बाप शिडीवर होता. वुकाशिनने त्याला हाताने खूण केली, त्याने सफरचंद सोडलं आणि खालच्या फांदीला बांधलं. वुकाशिन पुन्हा वाकला. या वेळी आधीपेक्षा जास्त, एक हात कमरेवर ठेवून, दुखत असावं. मान वर करायचा प्रयत्न केला. माझ्यासारखाच, खांद्यांसकट. नाही म्हणाला. आणखी खाली बांधलं. पुन्हा वाकला. नाही. शेवटी सफरचंद सगळ्यात खालच्या फांदीला आलं. वुकाशिन पुन्हा मागे गेला, वाकला, आणि हातात नसलेली बंदूक धरून पाहिली. हो म्हणाला.

मला वाटलं, माझी नक्कल करतोय. देसांकाला म्हटलं, मागे घे. तिने घेतलं. पुन्हा पाहिलं.

अंगणात आठ माणसं होती. मी एकेकाचा चेहरा पाहिला. कोणी हसत नव्हतं.